नाकावरच्या खुणा

वाघोलीच्या आप्पासाहेबांची सुनेबाबत एकच अट होती, चष्मेवाली मुलगी नको. त्यांच्या पृथ्वीराजला इंजिनिअरिंग संपवायला दोन वर्षं जास्त लागली, त्याचं काही नाही. मुलीच्या नाकावर मात्र काच दिसता कामा नये. तेजस्विनीला शाळेपासून जाड भिंगांचा चष्मा. पण ती कॉम्प्युटर इंजिनिअर, आयटीत नोकरी, आणि वाघोलीचं स्थळ हातचं जाऊ द्यायची तिच्या आईची तयारी नव्हती. पाहायला आले त्या दिवशी चष्मा पर्समध्ये गेला. सुपारी फुटल्यावर, लग्नाच्या आत, सदाशिव पेठेत नंबर घालवायचं लेसर गुपचूप उरकलं. "आता सासरी चकार शब्द काढायचा नाही," आईने बजावलं.

तो शब्द तेजस्विनीने इमानाने पाळला. खराडीच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी घर. डोळ्यांचं काही केलंय हेसुद्धा ती विसरून गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी अक्षरं पुसट दिसायला लागली. आप्पासाहेब तोवर भिंतीवरच्या फोटोत गेले होते. सासूबाईंचा, तुळजाबाईंचा, मोतीबिंदू दाखवायला ती त्यांना घेऊन सदाशिव पेठेतल्याच एका डॉक्टरांकडे गेली, तेव्हा तिने आपलेही डोळे तपासून घेतले.

"डोळ्यांचं कधी ऑपरेशन, लेसर वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. "नाही," तेजस्विनी म्हणाली.

मागाहून फोन करून खरं सांगू, असं तिने ठरवलं होतं. पण डोळ्यांतला दाब नॉर्मल निघाला. थोडा नंबर आलाय, चष्मा वापरा, दरवर्षी दाखवत जा, एवढंच डॉक्टर म्हणाले. मग कशाला उगाच जुनं उकरून काढायचं? फोन राहिला, आणि ऑफिसच्या धबडग्यात दरवर्षीचं दाखवणंही राहिलं.

दोनेक वर्षांत डाव्या बाजूने येणारी माणसं तिला एकदम अंगावर आल्यासारखी वाटू लागली. खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. "बघून चाल की," पृथ्वीराज हसायचा. मग एकदा नगर रोडला स्कूटर वळवताना डावीकडचा डंपर तिला दिसलाच नाही. मागे बसलेल्या तुळजाबाई किंचाळल्या म्हणून दोघी वाचल्या. स्कूटर तिथेच लावून दोघी रिक्षाने तडक डॉक्टरांकडे गेल्या.

या खेपेला डॉक्टरांनी विचारायच्या आत तिने लेसरचं सांगून टाकलं, सासूबाईंकडे न बघता.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लेसरने बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होतो. मग दाब असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो. मागच्या वेळी तेच झालं. तुम्हाला काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची गेलेली नजर आता परत येणार नाही. उरलेली सांभाळू."

"तवाच कळलं असतं तर?" तुळजाबाईंनी विचारलं.

"तेव्हाच औषधाचे थेंब सुरू केले असते. बरीचशी नजर वाचली असती."

बाहेरच्या बाकावर तेजस्विनीला रडू आवरेना. "आई, आम्ही फसवलं तुम्हाला."

"मला कुठं फसवलंस?" तुळजाबाई तिच्याकडे न बघताच बोलल्या. "बघाया आलो तवा तुझ्या नाकावर चष्म्याच्या खुणा हुत्या. चहाचा कप बी चाचपून ठिवलास. लग्नात बघितलं तर चष्मा बी न्हाई आन् खुणा बी न्हाईत. म्हनलं, पोरगी डोळ्यांचा इलाज करून आली. मला तू आवडली हुतीस. ह्यांना कशाला सांगू?"

तेजस्विनीचं रडणं थांबलं. "मग त्या दिवशी डॉक्टरांसमोर का नाही बोललात?"

"तू न्हाई म्हनलीस." तुळजाबाई म्हणाल्या. "परक्या मानसापुढं सुनेला खोटं कसं पाडू, बाई?"

तेजस्विनीला त्यांचा भयंकर राग आला. आईचा आला, आप्पासाहेबांचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

जिन्याशी आल्यावर तुळजाबाई मागून वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आल्या. तिने मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्या तिला दिसल्या.