कवडूची चार पानं

मित्रांनो, मी एक जुनी पाहणीची वही आहे. माझी छपाई गोंदियातल्या एका लहानशा छापखान्यात झाली. पाठीच्या कण्याला मार लागून ज्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं, अशा माणसांची माहिती गोळा करण्यासाठी मी जन्मले. प्रत्येकासाठी माझ्यात चार पानं आहेत. खरं तर हे काम टॅबवर व्हायचं होतं, पण जंगलपट्टीत रेंज मिळेना.

संशोधनाच्या कामावर असलेल्या गुंजनच्या हाती मला दिलं. तिच्याजवळ शहरातल्या एका दवाखान्याची चाळीस नावांची यादी होती. पत्ते मात्र अर्धेमुर्धे. कुठे नुसतंच 'कामठा', कुठे बंद पडलेला मोबाईल नंबर. मार कशामुळे लागला, तिथे बहुतेकांपुढे एकच शब्द होता: 'पडून'. सहा आठवडे ती स्कूटीवर हिंडली. अकरा जण भेटले. नऊ जण आधीच वारले होते. उरलेल्यांचा थांगच लागला नाही.

कवडू तर त्या यादीत नव्हताच. केशोरीच्या पुढे एका टोलीवर, म्हणजे लहानशा वस्तीवर, लोकांनी त्याचं घर दाखवलं. उन्हाळ्यात चारोळी काढताना तो झाडावरून पडला. चौघांनी हातपाय धरून त्याला उचललं आणि ट्रॅक्टरमध्ये टाकलं. मोठ्या दवाखान्यात न्यायचं सोडून घरच्यांनी वैदूचा लेप लावला. म्हणून त्याची नोंद कुठेच झाली नाही.

पडवीत खाटेवर तो पडून होता. बायको देवकाबाई माश्या हाकलत होती.

"मागच्या महिन्यात तुम्ही किती वेळा घराबाहेर गेलात?" गुंजनने माझ्यातला प्रश्न वाचला.

"बाहेर? मले कुशीवर वळवाले दोन माणसं लागतेत, म्याडम."

तिने शून्य लिहिलं. कामाचे दिवस, शून्य. बाजाराच्या फेऱ्या, शून्य. देवकाबाईने एकदम चादर उचलली. कमरेवर पडून पडून झालेली मुठीएवढी जखम होती, आत काळी पडलेली.

"हे लिवाले जागा आहे का तुमच्या वहीत?"

जागा होती. 'जखम आहे का? होय, नाही.' गुंजनने 'होय'वर खूण केली.

"खूण केली. आता का होईल?"

उपचार आपलं काम नाही, असं गुंजनला शिकवलं होतं. तरी तिने मला मिटलं आणि जवळच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावून आणलं. त्यांनी जखम धुतली आणि म्हणाल्या, "आजच्या आज दवाखान्यात न्या."

कवडूने मान फिरवली. "धानाचा रोवना चालू आहे. ही तेथं माह्याजवळ बसली तं घरी पोट्टे का खातील?"

गुंजनने पुष्कळ विनवलं. शेवटी म्हणाली, "मावशी, मी आठ दिवसांनी परत येते. तेव्हा नेऊच."

पण पाहणीच्या साहेबांनी तिला दुसऱ्या तालुक्यात पाठवलं. ती परतली तेव्हा लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. पडवीत खाट भिंतीला उभी लावलेली होती.

"तुमी आठ दिवसानं येतो म्हनलं होतं," एवढंच देवकाबाई बोलली.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं 'ताप'. गुंजनने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "दाखल्यावर कण्याचा उल्लेख नाही ना? मग आपल्या हिशेबात तो धरता येत नाही. 'संपर्क तुटला' लिहून टाक."

तिने तसं लिहिलं. मग समासात, पेन दाबून, आणखी लिहिलं: 'कण्याला मार. कमरेची जखम चिघळून मृत्यू. मी उशिरा आले.' तिथे माझा कागद फाटला.

कॉम्प्युटरमध्ये समासाला जागा नसते, मित्रांनो. तिथे कवडू अजूनही फक्त सापडत नाही, एवढंच आहे. मी आता कपाटावरच्या खोक्यात आहे. कसर मला खात आहे. खाऊ दे, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही.

पण कुणी झाडावरून पडलं, तर त्याला हातपाय धरून उचलू नका, कणा आणखी दुखावतो. फळीवर सरळ निजवा आणि तसंच दवाखान्यात न्या. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी वही घेऊन एखाद्या टोलीवर निघालं, तर एकटं जाऊ नका. जखम धुणारं माणूस सोबत न्या. प्रश्न त्यानंतर विचारा.