पाहणीची फी

अर्ज तिने तिसऱ्यांदा खिडकीच्या फटीतून आत सरकवला आणि या वेळी त्यावरचा हात काढला नाही. आतल्या कारकुनाने कागद ओढून पाहिला. तो निघेना, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"टाकीची खोली लिहिलेली नाही."

"परवा म्हणालात लांबी-रुंदी हवी, ती लिहिली. काल म्हणालात बांधल्याचं वर्ष हवं, तेही लिहिलं."

"आणि आज खोली हवी."

"आत उतरून मोजू?"

रांगेत मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. कारकून हसला नाही. अंदाजे लिहा, सगळे सहा फूट लिहितात, असं म्हणून त्याने शेजारच्या टेबलावरचं पेन तिच्याकडे लोटलं. तिने कडेवरच्या मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि लिहिलं. सहा फूट. लिहून झाल्यावरही पेन क्षणभर कागदावर टेकलेलंच राहिलं. मुलगी तीन फुटांनाही दोन बोटं कमी होती.

घरोघरच्या सेप्टिक टाक्यांची नोंदणी सक्तीची झाल्यापासून गल्लीत दुसरा विषय नव्हता. आता आत जायच्या आधी पावती फाडायची का, असं शिंपी गिऱ्हाइकांना विचारायचा. आमच्या घरात माणसं चार, मग फी पोटावर की डोक्यावर, असं कोणी कोणी म्हणायचं. तिच्या सासऱ्यांनी तर नोटीस वाचून होण्याआधीच घडी करून खुर्चीच्या हलत्या पायाखाली सारली होती. माझ्या घरातल्या घाणीची नोंद सरकारला कशाला हवी, उद्या शिंकेलाही शिक्का मारून घ्यायला लावतील, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिले. लोक माना डोलवत. सासरे चाळीस वर्षं गवंडीकाम करत आलेले, अर्ध्या वस्तीचे स्लॅब त्यांनी टाकलेले. घर-बांधणीच्या बाबतीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

नोटीस तिने खुर्चीखालून काढली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. नियम सातवा. पाहणीत टाकीचे झाकण असुरक्षित आढळल्यास पंधरा दिवसांत बदलणे बंधनकारक. अर्ज घरमालकानेच करावा असंही कुठे नव्हतं, राहणाऱ्या कोणीही केला तरी चालणार होता. गल्लीत ही फी खुशीने भरणारी बहुधा ती एकटीच असावी. शिकवण्यांचे साठवलेले पैसे तिने त्या खिडकीत मोजले आणि पावती ब्लाउजमध्ये खोचली.

झाकण मागच्या दारी होतं, दाराच्या आणि कपडे धुवायच्या दगडाच्या मधोमध. घराला तेवढंच काय ते अंगण. दोन्ही पाय जुळवून उडी मारता यायला लागल्यापासून आजोबांनी नातीचं नाव बेडकी ठेवलं होतं, आणि बेडकीला उड्या मारायला झाकणच लागायचं, कारण तिथे आवाज यायचा. धप्प, धप्प. पोळी तव्यावर सोडून तिची आई किती वेळा धावली असेल त्याला गणती नव्हती. दाराला कडी घातली तरी धुण्याला जाणारं कोणी ना कोणी ती काढायचं. झाकणाच्या एका कोपऱ्यातून भेग निघाली होती, केसाएवढी. तिच्या टोकाशी तिने पेन्सिलीने खूण केली. दीड महिन्यात भेग खूण ओलांडून चार बोटं पुढे आली.

तिने नवऱ्याला ती खूण दाखवली होती. तो उकिडवा बसला, अंगठा फिरवला, म्हणाला, वरवरची आहे. बाबांच्या हातचं काम आहे हे, तू उगाच डोक्यात घेऊ नकोस. मग तिने झाकणावर पाण्याचं पिंप ठेवून पाहिलं, म्हणजे निदान पोर चढणार नाही. सासऱ्यांनी ते त्याच दुपारी हलवलं. पिंपाची जागा मोरीजवळ, म्हणाले. शेवटी तिने परस्पर एका गवंड्याला गाठलं. त्याने कानाच्या पाळीला हात लावला.

"मिस्त्रींच्या कामावर हातोडा घालू? वहिनी, उद्यापासून मला कोणी पाटीसुद्धा उचलू देणार नाही."

सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. म्हणून तिला सरकार हवं होतं. सरकार कोणाच्या हाताखाली शिकलेलं नव्हतं.

तपासनीस आला तो एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला. अंगाने चांगला भरलेला, कपाळावर घाम, काखेत फाईल. मोटारसायकल दारात लावून तो पुढच्या ओट्यावरच बसला. कोणी अर्ज केला म्हणून सासऱ्यांनी विचारलं तेव्हा त्याने तिचं नाव वाचून दाखवलं. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. साहेबांना पाणी आण, एवढंच म्हणाले.

ती पाणी घेऊन आली तोवर ओट्यावर गप्पा रंगल्या होत्या. तुमच्या कचेरीचा जिना मीच बांधलाय, सासरे सांगत होते, आणि त्याच्या तिसऱ्या पायरीला साहेब लोक अजून ठेचकाळतात ते माझ्यामुळे नव्हे, त्या इंजिनियरमुळे. तपासनीस हसत होता आणि हसता हसता रकाने भरत होता. त्याच्या खांद्यावरून तिने वाचलं. गळती : नाही. झाकण : सुस्थितीत.

"टाकी मागे आहे," ती म्हणाली.

"टाक्या मागेच असतात, वहिनी."

"तुम्ही पाहिली नाहीत."

"मिस्त्रींचं घर आहे हे. इथे काय पाहायचं? सकाळपासून हे अकरावं घर." त्याने फाईल मिटली. "फी भरलीत ना? मग तुमचं काम झालं. दाखला घरपोच येईल."

तो उठला. ती ओट्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. बेडकी कडेवर होती, त्यामुळे पायरी पुरती अडली. आवाज चढला तर दोघेही, बायका अशाच, म्हणून मोकळे होतील हे तिला ठाऊक होतं. ती हळू बोलली.

"पावतीवर पाहणीची फी असं लिहिलंय. फी घेतलीत. आता पाहणी द्या."

"आमच्या सूनबाईंना कॉलेजात सिमेंट शिकवलंय," सासरे म्हणाले. "आम्ही आपले पाट्या वाहून शिकलो."

तपासनिसाने घड्याळ पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि वळला. घरातून चालत तिघं मागच्या दारी आली. दारातूनच त्याने मान लांब केली. छान आहे, म्हणाला. तिने भेग दाखवली. ऊन-पावसाने जातात असे तडे, तो म्हणाला. तिने पेन्सिलीची खूण दाखवली, तारीख सांगितली. तो सासऱ्यांकडे बघून हसला. सासरे हसले नाहीत. ते दगडावरचा साबणाचा तुकडा उचलून उगाच खोबणीत बसवत होते.

"मग उभे राहा त्यावर," ती म्हणाली.

"काय?"

"माझी मुलगी रोज त्यावर उड्या मारते. तुम्ही सुस्थितीत लिहिलंय. नुसते उभे राहून दाखवा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आहे बुवा जिद्द," तपासनीस म्हणाला. सुटका करून घ्यायला हाच जवळचा रस्ता आहे असं त्याने ठरवलं असावं. फाईल काखेत घट्ट धरून, पँट गुडघ्याशी चिमटीत धरून त्याने पाय उचलला.

"साहेब," सासरे म्हणाले. "नको."

आवाज मोठा नव्हता. तपासनिसाचा पाय तसाच अधांतरी राहिला, मग मागे आला.

धुण्याच्या दगडावरून पाणी थेंब थेंब गळत होतं. सासऱ्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

"सळई नाही त्यात."

मग तेच बोलत राहिले, झाकणाकडे पाहून. एका मालकाच्या स्लॅबमधून उरलेल्या सळ्या मिळणार होत्या. त्याने ऐन वेळी मोजून परत नेल्या. सिमेंट कालवून तयार होतं, उन्हाने आवळायला लागलेलं. तसंच ओतलं. वरून घोटून गुळगुळीत केलं. पुढच्या वर्षी काढून नवं घालू असं म्हटलं होतं.

"किती वर्षं झाली?" तपासनिसाने विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो झाकणापासून दोन पावलं मागे सरला होता.

"हिचा नवरा तेव्हा चौथीत होता."

महिनाभर ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. भांडी घासताना, मुलीला थोपटताना, रांगेत उभं राहून. झाकण वाईट निघालं की सासऱ्यांना काय ऐकवायचं, नवऱ्याला काय, चारचौघांत काय. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. सासऱ्यांना कळत नाही या भरवशावर ती सगळी जुळवलेली होती.

"आणि ही?" तिने विचारलं.

सासऱ्यांनी बेडकीकडे पाहिलं.

"तिचं वजन कितीसं," ते म्हणाले. "तेरा किलो. फार तर तेरा. तेवढं ते पेलतं, मी..."

ते थांबले. माप सांगताना त्यांचा आवाज नेहमीचा झाला होता, कामावरच्यासारखा, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. तिने पोरीला इतकं आवळलं की ती कुरकुरली. म्हणजे त्यांनी हिशोब केला होता. ओट्यावर बसून, नातीला मांडीवर घेऊन, कधीतरी त्यांनी तिचं वजन मनात धरलं होतं आणि झाकणाला लावून पाहिलं होतं. मोठ्या माणसाचं धरलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या बेडकीचं धरलं नव्हतं.

तपासनिसाने फाईल उघडून एक रकाना खोडला. काही बोलायचं म्हणून त्याने पंधरा दिवसांची मुदत सांगितली, आणि तोवर इथे कोणाला फिरकू देऊ नका, हेही. मग कोणी सोबत यायची वाट न बघता तो घरातून एकटाच पुढे गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

आवाज विरला तसे बेडकीने आजोबांकडे हात पसरले. रोजची वेळ होती. या वेळी ते तिला कोपऱ्यावर न्यायचे. सासरे झाकणाला वळसा घालून दोन पावलं पुढे आले. त्यांनीही हात पुढे केले, नेहमीसारखे, तळवे वर करून. बोटांच्या पेरांत चाळीस वर्षांचं सिमेंट बसलेलं होतं.

पोर पुढे झुकली. पोरीभोवतीचा हात आईने सैल केला नाही.

सासऱ्यांचे हात तसेच राहिले. सुनेच्या डोळ्यांत बघायचं त्यांनी टाळलं नाही. आतापर्यंत ते कधीच असे बघत उभे राहिले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "आधी ते फोडा."