निम्मा कोळसा

कारखान्यातला कोळशाचा खर्च वर्षभरात निम्म्यावर आला, म्हणून मालकांनी बॉयलरवाल्याला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं. वाफेच्या गळक्या नळ्या बदला, हे सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. मालकांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं आणि अर्धं काम भिंतीपलीकडे, मेहुण्याच्या कारखान्यात ढकललं. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून बॉयलरवाल्यानं प्रशस्तिपत्र घडी करून खिशात घातलं.

टाळ्या चालू असतानाच पलीकडच्या धुराड्याचा धूर खिडकीतून आत शिरला.

मालक खोकत म्हणाले, "मेहुण्यानं बॉयलरवर कुठलं गाढव बसवलंय? जरा जाऊन शिकव त्याला!"

"तिकडचा बॉयलर आत्ता मीच पेटवून आलोय, साहेब," बॉयलरवाला म्हणाला. "अर्ध्या कामाबरोबर तुम्हीच पाठवता की मला."