पायांतून निघालेली साखर

"बघा, बघा! साखर निघाली!"

नांदेडच्या एका मंगल कार्यालयात 'आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य परिषदे'चा तिसरा दिवस होता, आणि हदगावकडच्या सरजाबाईंचे पाय मंचावरच्या विजेच्या यंत्राच्या टबात होते. नितळ पाणी दहा मिनिटांत काढ्यासारखं तपकिरी झालं. तीन जिल्ह्यांतले आरोग्य कर्मचारी माना उंचावून बघत होते. परिषद आंतरराष्ट्रीय कशी? तर मंचावर परदेशी पाहुणे होते ना! दुबईत दोन वर्षं एसी दुरुस्त करून आलेले, आयोजकांचे सख्खे साडू. गळ्यात टाय, मांडीवर सत्काराची शाल आणि नारळ.

"पेशींचं विश्वकंपन!" यंत्रवाले डॉक्टर बसवंत गरजले. ते कशाचे डॉक्टर, हे कुणी विचारलं नव्हतं. "ऋण आयन आत, मधुमेह बाहेर! अकरा देशांत मान्यता!"

"कोणत्या देशांत?" मागून कुणीतरी विचारलं.

"प्रश्न जेवणानंतर."

जेवणात गुलाबजाम होते. मग कसले प्रश्न नि कसलं काय!

पहिल्या रांगेत धम्मप्रिया बसली होती. सरजाबाईंच्या गावची ही नर्स. त्यांना इन्सुलिन घ्यायला तिनंच शिकवलेलं. टबातून उठलेली म्हातारी तिच्याशेजारी येऊन टेकली.

"पोरी, पाणी दे गं. तहान लई लागून राहिली. तीन दिस झाले, सुई बंद केली बघ."

"बंद? का मावशी?"

"परवा तूच टाळ्या वाजवल्या न्हाईस का ह्या टबाला? म्हणलं, आपली नर्सबाई टाळ्या वाजवून राहिली, मंग खरंच आसंल."

सगळी रांग वाजवत होती म्हणून धम्मप्रियानंही वाजवल्या होत्या. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. तिनं पर्समधलं साखर मोजायचं मीटर काढलं, म्हातारीच्या बोटाचा थेंब घेतला. चारशे बारा!

ती तडक मंचावर गेली. टबात पुढच्या पेशंटसाठी ताजं पाणी नि मीठ घातलेलंच होतं. तिनं पाहुण्यांच्या मांडीवरचा नारळ उचलला, टबात सोडला आणि बटण दाबलं.

"अहो मॅडम, हा परिषदेचा अपमान आहे!" बसवंत ओरडले.

"दहा मिनिटं थांबा की."

पाणी तपकिरी झालं.

"डॉक्टरसाहेब, नारळालाबी शुगर हाय का?" मागून आवाज आला आणि सभागृह खदखदून हसलं.

धम्मप्रियानं वीज बंद करून टबात बुडवलेली यंत्राची काळी डबी उघडली. आत गंजानं खाल्लेल्या दोन लोखंडी पट्ट्या.

"मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की लोखंड झिजतं, गंज सुटतो. हा तोच गंज. साखर अजून मावशींच्या रक्तातच आहे."

"पण दुबईत..." साडू पुटपुटले.

"तिथंही लोखंड गंजतंच, साहेब."

खाली उतरून तिनं सरजाबाईंना हाताला धरून उठवलं. दवाखाना गाठायचा होता. जाता जाता ती आपल्या रांगेपाशी थांबली.

"आपण टाळी वाजवली की गाव औषध सोडतं. मी चुकले. तुम्ही चुकू नका. चमत्कार दिसला की आधी त्यातून माणूस बाजूला काढा, आणि तेच पुन्हा करून बघा."