चौदा महिने आधी

कागदाला टाचणी तिरकी घुसली होती, आणि तिच्या टोकाखाली त्याचंच वाक्य होतं — ‘सीटखाली स्प्रिंग, वजन उठलं की दात आपोआप चाकात बसतो.’ पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळताना त्याच्याविरुद्ध पुरावा काढला तोही त्याचाच. धंद्याच्या मासिकातला, खाली ते वाक्य असलेला फोटो, अर्जाच्या चौदा महिने आधीचा. फोटोत तो हसतोय, मूर्खासारखा, हातात उघडा ब्रेक.

वकीलबाईंनी दोनदा समजावलं. अर्जाआधी जगाला दाखवलं की ते नवीन राहत नाही, मग दाखवणारा ते घडवणाराच का असेना. काही ठिकाणी सवलतीची मुदत असते, तीही उलटून गेलेली. आता तो ब्रेक कुणीही बनवावा, याने नुसतं बघावं.

“चोरी झाली असती तर भांडता आलं असतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर स्वतःच वाटून टाकलंत.”

वाटून टाकलं... तीन वर्षं. चाकाच्या खुर्चीतून उठताना आई ब्रेक लावायला विसरली, खुर्ची मागे पळाली, खुब्याचं हाड मोडलं — तेव्हापासूनची तीन वर्षं आपण वाटून टाकली.

मास्तरांमुळे. तो काम शिकला त्या चाकाच्या खुर्च्यांच्या वर्कशॉपात त्यांचा नियमच होता: नवीन काही केलं की शनिवारी टेबलावर, सगळ्यांसमोर, एकेक स्क्रू काढून उघडायचं. झाकून ठेवतो तो कारागीर नव्हे, अंड्यावर बसलेली कोंबडी, असं म्हणायचे, आणि सगळे खिदळायचे. मासिकवाल्यालाही त्यांनीच बोलावलं, कौतुकाने. कौतुकाने गळा कापला की रक्तसुद्धा दिसत नाही.

हे तोंडावर बोलायचं म्हणून तो तडक मास्तरांच्या घरी गेला. जिन्यात वाक्यं जुळवली, दोन शिव्याही. सुनेने दार उघडलं, बरं झालं आलात भाऊजी, म्हणाली, सकाळपासून कुणाशी बोलले नाहीत. आणि चहा ठेवून गेली. मास्तर खिडकीपाशी बसलेले. गेल्या वर्षापासून हात थरथरतात त्यांचे. पेटंट गेलं, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“गेलं म्हणजे? ब्रेक लागत नाही का?”

“लागतो.”

“मग झालं तर.” मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, जुन्या शनिवारच्या डोळ्यांनी. “नवीन काय करतोयस? उघड की.”

पिशवीत होतं. मनगटाला बांधायचा पट्टा, त्यात वजनाची छोटी गोळी, हात थरथरला तरी कप स्थिर राहावा म्हणून. हेच हात डोळ्यांसमोर ठेवून केलेला. माप रबरी पट्टीने घेतलं होतं, त्यांना झोप लागलेली असताना.

“सध्या काही नाही, मास्तर.”

इतकं सहज निघालं ते, की आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. मास्तरांनी कप उचलला. चहा बशीत सांडला, मग सदऱ्यावर. त्याने पिशवी दोन पायांत घट्ट धरली होती, आणि जिन्यातला तो राग शोधत होता — निदान तो तरी आपला होता — पण तिथे आता नुसती सावधगिरी होती, थंड, शहाणी... आणि ती आपल्याला इतक्या लवकर अंगवळणी कशी पडली, हे त्याला समजेना.