सहा चाकांची सवत

मी बोलतेय, जिन्याखालची राखाडी स्कूटर. डावी बाजू खरचटलेली आहे ना, तीच मी. हल्ली माझ्यावर धूळ बसते आणि माझा नुसता जळफळाट होतो. माणसांवर जळणारी मी नव्हे. मी जळते एका बसवर.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे शोरूमच्या काचेआड उभी राहिले, तेव्हा वाटायचं, एखादा तरणाताठा पोरगा येईल आणि मला शिट्टी वाजवत घेऊन जाईल. आली एक ठेंगणी बाई. तिने आधी सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहिलं, मग डिकी उघडून आत जेवणाचा डबा मावतो का ते पाहिलं आणि म्हणाली, "हीच द्या." माझ्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. मी जरा खट्टू झाले, पण त्या दिवसापासून तिचीच झाले.

आमची बाई दातांच्या कवळ्या बनवते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लॅबमध्ये ती नोकरीला आहे. तिथे दिवसभर मान खाली घालून मेण कोरायचं, साचे ओतायचे, दात घासून गुळगुळीत करायचे. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीवरचं माणूस हसतंय कसं, यापेक्षा त्याचे दात कसे आहेत याकडेच तिचं लक्ष.

माझ्याआधी तिला नवरा लॅबवर सोडायचा. भला माणूस, पण त्याची आंघोळ लांबली की हिला उशीर. मी आले आणि ती आपल्या मनाची राणी झाली. वाटेल तेव्हा निघायचं, गर्दी दिसली की बोळातून काढायचं, परतताना भाजी घ्यायची, औषधं घ्यायची, वाटलं तर तळ्याकाठी उगाच दोन मिनिटं थांबायचं. स्टॉपवर ताटकळणारी माणसं दिसली की मी तोऱ्यात पुढे निघून जायची. आमच्या वाटेवर एक लाल बस असायची. तिला मागे टाकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

खोटं कशाला बोलू, माझ्यापायी तिचे हालही व्हायचे. उन्हात सीट अशी तापायची की ती बसताना ओठ चावायची. ट्रकचा धूर तोंडावर, खड्ड्याचा दणका कमरेत. पावसात रेनकोट घालूनही ती लॅबमध्ये ओलीचिंब पोहोचायची. संध्याकाळी नवऱ्याला म्हणायची, "पाठ अशी धरलीय, जरा दाबून दे." तो दाबायचा आणि मी जिन्याखालून सगळं ऐकायची. पण हे सारं सोसून ती सकाळी पुन्हा माझ्याकडेच यायची, यातच मला सगळं मिळायचं.

शिवाय ती माझ्याशी बोलायची. म्हणजे हेल्मेटच्या आत स्वतःशीच, पण ऐकायला दुसरं होतं कोण? लॅबच्या मालकाचा चिकटपणा, सासूबाईंचा अबोला, सगळं मला ठाऊक. आणि सगळ्यात जास्त ठाऊक होती तिची थोरली बहीण. ताई.

ताई पोस्टात नोकरी करते. आई तिच्याकडेच असायची. आई अत्यवस्थ झाली त्या दुपारी ताईने लॅबवर फोन केला होता. म्हणाली, आईला बरं नाही, पण पाऊस फार आहे, स्कूटर घालू नकोस, पाऊस थांबला की ये. आमच्या बाईने ऐकलं. पाऊस थांबला, आम्ही निघालो, पोहोचलो, तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर बाईने ताईचं तोंड पाहिलं नाही. वर्षानुवर्षं हेल्मेटच्या आत एकच गाणं चालू असायचं: हिने मला थांबवलं, हिने मला आईपासून तोडलं. मी तिच्याच बाजूची. ताईने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हा अपमान माझाही होताच.

मग ती सकाळ आली. आम्ही नेहमीसारखी लाल बस मागे टाकली. पुढच्या वळणावर कुणीतरी बांधकामाची खडी सांडून ठेवली होती. माझं पुढचं चाक सरकलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. माझा आरसा फुटला. तिचा उजवा हात अंगाखाली आला.

मागून बस करकचून थांबली. दार उघडलं आणि एक बाई उतरून धावत आली. एक चप्पल वाटेतच राहिली, तरी थांबली नाही. तिने आमच्या बाईचं हेल्मेट काढलं, डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चिमे, मी आहे. हलू नकोस." ती ताई होती. दोघी एका मोटारीत बसून दवाखान्यात गेल्या. जाताना दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी संध्याकाळपर्यंत एका भिंतीला टेकून उभी होते. नवरा आला आणि मला ढकलत घरी घेऊन गेला.

मनगट मोडलं होतं. ज्यांचं पोट बोटांवर चालतं त्यांचं मनगट. घरात सगळे धास्तावले. डॉक्टर म्हणाले, हात बरा होईल, पण आता जपायचं. प्लास्टरमध्ये असतानाच बाई लॅबवर जाऊ लागली. नव्या मुलींना शिकवायला, देखरेख करायला. अर्थातच बसने. रोज सकाळी ताई तिला न्यायला यायची. तिची पिशवी ताईच्या खांद्यावर, तिचा डबा ताईच्या हातात. नवरा बॅटरी उतरू नये म्हणून मला जागेवरच सुरू करायचा, तेव्हा बाई त्याला सांगायची: काल बसमध्ये ताईच्या खांद्यावर डोळा लागला, स्टॉप आल्यावर तिनेच उठवलं. हे ऐकून माझं इंजिन गार पडायचं बाकी होतं. माझ्यावर बसून कुणाचा डोळा लागला तर काय होईल? ही एक गोष्ट मी तिला कधीच देऊ शकत नव्हते, आणि त्या ढम्म लाल बाईने ती सहज दिली.

एका सकाळी दोघी जिन्याखाली थांबल्या. बाईने डाव्या हाताने माझ्या फुटक्या आरशाला स्पर्श केला आणि विचारलं, "तू रोज त्याच बसमध्ये असायचीस?"

"रोज," ताई म्हणाली. "खिडकीशी बसायचे. तू मागून यायचीस आणि भर्रकन पुढे जायचीस. वळणापलीकडे नीट गेलीस की माझा जीव भांड्यात पडायचा."

बाईने आरशावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "त्या दिवशी मला थांबवायला नको होतंस."

"वाटेतल्या पुलावर पाणी आलं होतं, चिमे. आई जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका दिवसात तुम्ही दोघी गेला असतात तर मी कुणाकडे बघायचं होतं?"

"मग आई चाललीय असं सांगायचं."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

बाईने नकारार्थी मान हलवली आणि ती माझ्याच सीटवर बसून रडली. ताई बाजूला उभी राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी दोघींची बस चुकली, पण दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र अजूनही म्हणते, आम्ही पुलावरून गेलो असतो. बहुतेक.

प्लास्टर निघालं. हात जवळजवळ पहिल्यासारखा झाला, आणि ती पुन्हा कवळ्या बनवू लागली. मला वाटलं, आता माझे दिवस आले. तिने मला धुतलं, आरसा बदलून घेतला, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून आणली. आणि दुसऱ्या दिवशी ताईबरोबर बसने गेली.

आता मी जिन्याखाली असते. बाजारहाटापुरती, दवाखान्यापुरती. बस चुकायची बाईला भीती असते, गर्दीत तिचा पाय तुडवला जातो, कधी उभ्यानेच जावं लागतं. हे सगळं ती हसत सांगते. माझ्यावरून येताना ती असं हसत यायची नाही.

परवा मात्र बस आलीच नाही. दोघी परत आल्या आणि बाईने किल्ली काढली. ताई मागे बसली, बाईच्या कमरेला घट्ट मिठी मारून, डोळे मिटून. खरं सांगते, एखाद्या खड्ड्यात हिला चांगला दणका द्यावा असं माझ्या मनात आलं होतं. नाही दिला. खडी दिसली तिथे मी स्वतःहून सावकाश झाले, असं मला तरी वाटतं. वाटभर बाई बोलत होती. माझ्याशी नाही, मान किंचित वळवून मागे. अर्धे शब्द वारा घेऊन गेला, उरलेले ताईने घेतले. माझ्या वाट्याला दोघींचं वजन आलं.

लॅबसमोर उतरताना ताई म्हणाली, "वाटलं होतं तितकी काही वाईट नाही ही."

तुम्ही बसने जात असाल तर माझं एक ऐका. त्या लाल बाईचं माझ्याकडून काही वाईट होऊ नये. फक्त अधूनमधून, एखाद्या सकाळी, तिने यायचं विसरावं.