क्लासवरून आल्यावर

सासूबाईंनी आपण होऊन होकार दिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"जाय माय, तू तुन्हा क्लासले जाय. पोऱ्याले मी देखसू," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं. याच बाईंनी लग्नानंतर माझ्या पेटीतले घुंगरू दोन बोटांत उचलून "हाई काय शे?" असं विचारलं होतं आणि उत्तर ऐकल्यावर आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. आता नातू झाला, नातू पाच महिन्यांचा झाला आणि सुनेनं नाचायला जावं असं यांना वाटायला लागलं. सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा.

माझा जन्म सुरतचाच. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते आणि उधन्याला मालतीबेनचा भरतनाट्यमचा क्लास आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता, म्हणून मी शिकले. लग्न होऊन पांडेसऱ्याला आले तरी रिक्षाने जात राहिले, ते पोट दिसायला लागेपर्यंत. माझे यजमान योगराज, ते एका मिलच्या रंगखात्यात. क्लासला परत जायचं म्हटलं की त्यांचं म्हणणं एकच, "मायले विचार." माय म्हणजे पुष्पाबाई, पारोळ्याकडच्या. त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. पण खरं सांगते, बाळंतपणानंतर त्या एका खोलीत मी गुदमरत होते. क्लासच्या फरशीवर मी कोणाची सून नसते, कोणाची आईही नसते. ते मला परत हवं होतं. इतकं हवं होतं की त्या होकाराला मी प्रश्न विचारला नाही. पर्स उचलली आणि निघाले.

पहिल्या दिवशी माझे गुडघे बोलले. अर्धं बसून पाय आपटायचे, तर मांड्या थरथरायला लागल्या. वर बाळाच्या, चेतनच्या दुधाची वेळ झाली तशी चोळी पुढून भिजली. मालतीबेननी आपला पंचा माझ्या खांद्यावर टाकला. मी मागच्या रांगेत उभी राहून नाचले आणि मला रडू यावं इतका आनंद झाला.

घरी आले तर चेतन गाढ झोपलेला.

"झोपेल शे. उठाडू नको," सासूबाई म्हणाल्या. "पहिले आंग धू, दोन घास खाय, मंग ले त्याले."

मी अंग धुतलं, जेवले. तो उठला नाही. उठला तेव्हा माझ्याकडे बघून हसला, तोंड लावलं आणि सोडून दिलं. ज्या पोराला एरवी तासातासाला लागायचं, ते दुपारभर उपाशी राहून दूध सोडतं? माझ्या छातीचे दगड झाले होते. मी म्हटलं, असेल एखादा दिवस.

पण दर क्लासच्या दिवशी तेच. मी आले की पोरगा झोपलेला, पोट तट्ट आणि सासूबाईंचं पालुपद, आधी आंग धू. ज्या दिवशी क्लास नसे, त्या दिवशी मात्र साहेब दिवसभर माझ्या अंगाला चिकटलेले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

क्लासमधल्या सुषमाला मी हे बोलले. ती लिंबायतची, तोंडाची फटकळ. घुंगरांची दोरी दातात धरून ती म्हणाली, "बाळागोळी देत असतील. आमच्या लाइनीत साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बाया देतात ना पोरांना. अफू असते तिच्यात. पोर हलत नाही, बाईचं काम होतं."

त्या दिवशी काय नाचले ते मला आठवत नाही.

मग मी घरात चोरासारखी शोधाशोध केली. मसाल्याचे डबे, देवाच्या मागचा कोनाडा, सासूबाईंची पानाची चंची, सगळं हुंगून पाहिलं. गोळी मिळाली नाही. झोपलेल्या चेतनला चिमटा काढला तर तो चांगला ठणाणा ओरडला आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला काही देत होते. शोधता शोधता एक मात्र सापडलं. माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू. डबा माझ्या हिशेबाने निम्मा असायला हवा होता, तो तळाला गेला होता. योगराजला डिंक आवडत नाही. सासूबाईंना दात नाहीत.

संध्याकाळी मी योगराजला सगळं सांगितलं. ते बूट काढत होते, हातांना हिरवा रंग तसाच. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माय अफू देई का? तुन्हं डोकं फिरेल शे. नसेल पटत तं नको जाऊ क्लासले." झालं, संपला विषय. पुरुषांना कोणत्याही प्रश्नाचं उत्तर बायकोने घरी बसणं हेच कसं सापडतं कोण जाणे.

मी ठरवलं, आता डोळ्यांनी बघायचं. पुढच्या क्लासला गेले, घुंगरू बांधले, थोडा वेळ नाचले आणि मला बरं वाटत नाही असं मालतीबेनना सांगून निघाले. रिक्षा खाडीच्या पुलावर अडकली तेव्हा मी त्या रिक्षावाल्यावर विनाकारण ओरडले. गळ्यावरून घाम वाहत होता आणि डोळ्यांसमोर माझं पोर निळं पडलेलं दिसत होतं.

आमच्या खोलीला बाहेरून कडी. आत कोणी नाही.

शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. तिथे तारा राहते, परभणीकडची. तिचा नवरा बाबुराव, त्याला योगराजनेच मिलमध्ये लावलं. तिची कविता आमच्या चेतनपेक्षा थोडीशीच मोठी. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

तारा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पदराखाली चेतन होता, डोळे मिटून घुटूघुटू पीत होता. सासूबाई तिला विंझण्याने वारा घालत होत्या आणि दुसऱ्या हातात माझ्या डब्यातला लाडू. गोधडीवर कविता पडली होती. स्वतःची मूठ चोखत होती आणि बारीक आवाजात रडत होती.

अफू नव्हती. मी दारातच बसले. मग जो राग आला तो टाळूपर्यंत.

"मी मेले होते का, आई? माझं पोर दुसरीच्या अंगावर पाजायला?"

सासूबाई दचकल्या, पण क्षणभरच. "नाचीसन उनेल बाईनं दूध तपेल ऱ्हास. पोऱ्याले बाधस," त्या म्हणाल्या, जसं काही नाचून आल्यावर दूध तापतं आणि पोराला बाधतं हे जगाला ठाऊक आहे आणि मी एकटीच अडाणी. "म्हनीसन तू येवाना पहिले त्यानं पोट भरी लेतस. आंग धुवं का उतरस ते."

"मग मला सांगायचं होतं."

"तुले सांगं असतं, तं तू क्लास सोडी दिन्हा असता." त्यांनी विंझणा खाली ठेवला. "आम्ही सोडंच ना समदं. काय भेटनं?"

या बाईनं माझ्यासाठी, माझ्या नाचासाठी हे केलं होतं, तिच्या परीने. मला रागही धरता येईना आणि पायही धरता येईनात.

कविता मोठ्याने रडायला लागली. तिचं रडणं कानावर पडलं तशी माझी चोळी भिजली. मी तिला उचललं. हाताला कसं हलकं लागलं ते पोर. ताराने माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहिलं.

"पाजू का गं?" मी विचारलं. "माझं दूध तापलेलं आहे म्हणतात."

"पाजा वहिनी," तारा खालच्या मानेने म्हणाली. "चेतनबाळाचं झाल्यावर तिला पुरत न्हाई. सकाळपासून किरकिर करतीय."

कविताने असं काही तोंड लावलं की मला कळ आली. मी घामाने चिंब, पायांवर घुंगरांचे वळ आणि ती पोर घटाघटा पीत होती. सासूबाई बाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर आमचं आपोआप ठरून गेलं. मी क्लासला गेले की तारा चेतनला पाजणार, आल्यावर मी कविताला पाजणार. घाम पुसायचीही वाट पाहत नसे ती पोर. गाल भरायला लागले तिचे. सासूबाईंमध्येही बदल झाला. उठल्यासुटल्या ताराच्या दारात जाऊन विचारायच्या, "पोरनं पोट बराबर शे ना? रातले रडनी का?" कविताचं कपाळ हाताने बघायच्या. मला वाटलं, पाघळली म्हातारी. परक्याच्या पोरीचा लळा लागला. मी तर योगराजला तसं सांगितलंही, थोडं कौतुकानेच.

एका क्लासच्या दिवशी मी घरी आले. मालतीबेननी मला त्या दिवशी पुढच्या रांगेत उभं केलं होतं, त्यामुळे मी हवेत होते. पर्स टाकली, घाम पुसायला पदर घेतला, तोच सासूबाई आल्या आणि त्यांनी चेतनला माझ्या मांडीवर ठेवलं. तो जागा होता आणि भुकेलेला. ताराकडे त्याला नेलंच नव्हतं.

"मी अंग धुतलं नाही अजून, आई."

"ऱ्हाऊ दे. पाज."

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांची समजूत या बाईनं माझ्यासाठी मोडली असं मला वाटलं. मी चेतनला घेतलं, तो लागला. सासूबाई समोर बसल्या, निवांत.

"आता नाही बाधायचं?" मी हसत विचारलं.

"कवितेले काही झायं नही ना," त्या म्हणाल्या. "महिना व्हयना. मी रोज देखी राहिंतू."

"आणि तिला काही झालं असतं तर?"

"तं आपला पोऱ्या तरी वाचता," सासूबाई म्हणाल्या. दुधाचा रतीब बदलावा इतक्या सरळपणे.

मी मान वर केली. तारा कविताला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. रोजच्यासारखी पाजायला घेऊन आली होती. कवितानं मला बघून दोन्ही हात पुढे केले.

"ये ना, तारा," मी म्हणाले.

तिने पोरीचे हात धरून खाली घेतले, तिचं तोंड आपल्या खांद्यावर दाबलं आणि माघारी गेली. तिच्या खोलीचं दार लागलं. सासूबाई म्हणाल्या, येई ती सकाळी, जाई कुठे.

चेतन उजव्या बाजूला पोटभर प्याला आणि झोपला. कवितासाठी राखलेली डावी बाजू जेवणं होईपर्यंत ठणकत राहिली, आणि भिंतीपलीकडे ती रडत होती.